घोडा कोणता येणार? (एका वहीचा हिशेब)

सुरुवातीलाच एक खुलासा. हा लेख वाचताना कुणाला रविवारी पुलगेटची बस पकडावीशी वाटली, तर त्याने आधी लेख शेवटपर्यंत वाचावा. आणि रेक्टर सरांच्या हातात हा अंक पडला असेल तर त्यांनीही शेवटपर्यंत वाचावा, मधेच उठून माझ्या रूमवर येऊ नये. प्रकरण २०२४ चं आहे आणि आता मिटलं आहे.

मी घनसावंगी तालुक्यातला, जिल्हा जालना. पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी "घनसावंगी" म्हटलं की निम्मे लोक "सांगली का?" म्हणतात. मग सांगावं लागतं, समर्थ रामदासांचं जांब आमच्याच तालुक्यात, दक्षिणेला गोदावरी, आणि मधे काळी माती, कापूस, ऊस नि मोसंबी. आमच्याकडे घोडा दिसायचा तो लग्नाच्या वरातीत. बैल मात्र दारोदारी. त्यात माझा मामा म्हणजे पटाचा शौकीन माणूस. पट म्हणजे शंकरपट, बैलजोडीची शर्यत. छकड्याला जोडी जुंपायची, वर धुरकरी, आणि ठरलेलं अंतर किती सेकंदात कापलं ते घड्याळावर बघायचं. सेकंदाच्या शंभराव्या भागावरून भांडणं होतात!

लहानपणी मामाबरोबर पट बघायला जायचो तेव्हा मला एक गोष्ट कळायची नाही. सगळे लोक बैलांभोवती गर्दी करून शिंगं, रंग, झूल बघायचे. मामा आधी धावपट्टीवर जायचा. चप्पल काढायचा, टाच मातीत दाबायचा, दहा पावलं पुढे जाऊन परत दाबायचा. मग बैलांकडे यायचा आणि गर्दी आवाज करते तेव्हा कोणता बैल कान टवकारतो, कोणता लांब प्रवासाने गळपटलाय, हे बघायचा. आणि मग हळूच मला सांगायचा, "भाच्या, ती काळ्या तोंडाची जोडी येणार." दहात तीन-चार वेळा तरी यायची. मला मामा जादूगार वाटायचा. मी तिसरीत असताना ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पट बंद झाले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधली सात-आठ वर्षं मामाची टाच नुसतीच शेतात दाबली जात होती.

हे सगळं सांगायचं कारण, पुण्यात सेकंड इयरला असताना जुलैच्या एका रविवारी सीनियर लोकांनी आम्हाला रेसकोर्सवर नेलं, आणि तिथे गेल्या गेल्या मला मामाच आठवला.

पुण्याचं रेसकोर्स कॅम्पात, एम्प्रेस गार्डनच्या शेजारी. १८३० सालचं, जमीन लष्कराची. मुंबईचं महालक्ष्मीचं १८८३ सालचं. दोन्हीकडच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. ह्या क्लबचं मूळ १८०२ पर्यंत मागे जातं. पावसाळ्यात, म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबर, घोडे पुण्यात असतात, आणि थंडी सुरू झाली की मुंबईत. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला महालक्ष्मीला होते, २४०० मीटरची. पहिली १९४३ साली झाली आणि 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' नावाच्या घोडीने जिंकली. पहिलीच डर्बी आणि ती घोडीने मारली, हे आमच्या लेडीज हॉस्टेलने लक्षात ठेवावं! आणि कुणाला हा सगळा साहेबांचा खेळ वाटत असेल तर पांडू खाडे, वसंत शिंदे ही नावं कुठल्या साहेबाची नाहीत. दोघेही आपल्या काळातले नामांकित जॉकी.

असो. गेटजवळ रेसची पुस्तिका विकत मिळते. जुनेजाणते तिला 'कोल' म्हणतात. पहिल्यांदा उघडली तर मला थर्मोडायनॅमिक्सचे स्टीम टेबल आठवले. नुसते आकडे! पण कसं वाचायचं ते कळलं की एकेका ओळीत एकेका जनावराचं चरित्र दिसायला लागतं. ते वाचायला मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी बघायचं ते वजन. बाहेरच्या माणसाला वाटतं सगळ्यात जोरात पळणारा घोडा जिंकणार, त्यात काय अभ्यास? पण बहुतेक रेस हॅंडिकॅप असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या आधीच्या कामगिरीवरून क्लब एक रेटिंग देतो. रेटिंगप्रमाणे पहिला वर्ग ते पाचवा वर्ग असे गट पडतात. उदाहरणार्थ चौथा वर्ग म्हणजे २० ते ४६ रेटिंगचे घोडे. आता एकाच रेसमध्ये ४६ वाला आणि २० वाला पळाले तर निकाल आधीच ठरलेला, म्हणून चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात. हिशेब सोपा आहे, रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो. म्हणजे ४६ वाला २० वाल्यापेक्षा १३ किलो जास्त घेऊन पळणार. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या भरतात, आणि रेसच्या आधी नि नंतर जॉकीला खोगिरासकट तोलतात. नंतर वजन कमी भरलं तर जिंकलेली रेस जाते.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हॅंडिकॅपर नावाच्या माणसाचं काम असं, की सगळे घोडे एकाच वेळी दांडीवर पोचले पाहिजेत! त्याला ते कधी जमत नाही, पण तो पगार घेतो त्या प्रयत्नाचा. आणि आपण जे भाकीत करतो ते खरं म्हणजे घोड्यांचं नसतंच, ते हॅंडिकॅपरच्या चुकीचं असतं. हे मला कळायला तीन रविवार लागले.

दुसरं, ट्रॅक. पुण्याची रेस भर पावसात. क्लब सकाळी ट्रॅकवर पेनेट्रोमीटर लावतो आणि त्याचा आकडा जाहीर करतो. सिव्हिलच्या मंडळींना हे सांगायला नको. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं, दांडा जमिनीत किती घुसला ते मोजायचं, अनेक ठिकाणांची सरासरी काढायची. आकडा मोठा म्हणजे जमीन मऊ. काही घोडे मऊ जमिनीत उमलतात, काहींचे पाय रुततात, आणि हे पुस्तिकेतल्या जुन्या निकालांशी त्या त्या दिवसाचे आकडे जुळवून बघितलं तरच कळतं. मी तो आकडा फळ्यावर वाचला तेव्हा मोठ्याने हसलो. मित्र म्हणाला काय झालं. त्याला कसं सांगू, की माझ्या मामाची टाच इथे इंग्रजीत लिहिली आहे!

अंतर, जॉकी, सुरुवातीचा स्टॉल, सकाळच्या सरावाच्या वेळा हे बाकीचं थोडक्यात. १००० मीटरचा घोडा वेगळा आणि २४०० चा वेगळा, जसा आपल्याकडे शंभर मीटर पळणारा पोरगा क्रॉसकंट्रीत मागे पडतो. १००० मीटरला साधारण एक मिनिट, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. एक 'लेंथ' म्हणजे घोड्याची लांबी, अंदाजे २.४ मीटर, म्हणजे सेकंदाचा सहावा-सातवा भाग. नव्या, शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते, त्यामुळे पुस्तिकेतलं वजन तसंच्या तसं धरू नका. आणि सरावाच्या वेळांवर माझा फारसा विश्वास नाही. आपण सबमिशनच्या आदल्या दिवशी जर्नल किती सुंदर लिहितो त्यावरून व्हायव्हाचा अंदाज बांधण्यासारखं ते आहे.

आता माझ्या वहीतली एक रेस. नावं मुद्दाम देत नाही, नंबरच देतो. चौथा वर्ग, १४०० मीटर, आठ घोडे. एक नंबर मागची रेस दोन लेंथने जिंकला होता, म्हणून त्याचं रेटिंग ३८ वरून ४४ झालेलं. तीन नंबर त्याच रेसमध्ये तिसरा, एक नंबरच्या तीन लेंथ मागे, रेटिंग ३० च राहिलेलं. तेव्हा दोघांत ८ गुणांचा, म्हणजे ४ किलोंचा फरक होता. आता १४ गुण, म्हणजे ७ किलो. तीन नंबरला ३ किलोंचा फायदा झाला. ह्या अंतराला साधारण एक किलो म्हणजे एक लेंथ असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे तीन लेंथचं अंतर संपलं, दोघे कागदावर बरोबरीत! हॅंडिकॅपर साहेबांनी काम चोख केलेलं. मग तोडायचं कसं? मागची रेस कोरड्या ट्रॅकवर झाली होती, आज पाऊस. तीन नंबरने गेल्या सीझनला मऊ ट्रॅकवर दोनदा चांगली धाव घेतलेली. म्हणून मी वहीत लिहिलं, "तीन नंबर. धोका: दोन नंबर. हा वरच्या वर्गातून खाली आलाय."

आला दोन नंबर.

पैसे लावले नव्हते. पण बघा, चुकलं तरी किती गोड चुकलं! कारण वहीत होतं. हॉस्टेलवर मी जेव्हा ही वही वाचून दाखवली तेव्हा कुणाला तीन नंबर आठवला नाही, "ह्याने दोन नंबर पण लिहिला होता राव" हेच सगळ्यांना आठवलं. ज्योतिषी लोकांचं असंच होत असणार.

बघता बघता वही गाजली. शनिवारी रात्री माझ्या रूमवर दरबार भरायला लागला. मी 'सरांच्या' थाटात प्रत्येक रेसचं विवेचन करायचो, पोरं लिहून घ्यायची. तेवढं लक्ष देऊन एम-थ्री केलं असतं तर माझी केटी लागली नसती. रविवारी काही पोरं जायची, पन्नास-शंभर लावायची, कधी मिळायचं कधी जायचं. मिळालं की माझ्यामुळे, गेलं की घोड्यामुळे. मी स्वतः लावत नव्हतो, हे मी मोठ्या अभिमानाने सांगायचो. त्यामुळे आपल्या हातून काही वाईट घडतंय असं मला वाटलंच नाही.

सातव्या रविवारी माझा रूम पार्टनर गेला. बीडकडचा, घरी कोरडवाहू कापूस. त्याच्याकडे परीक्षेच्या फॉर्मचे नि मेसचे मिळून ३,२०० रुपये होते. त्याने कुणालाच सांगितलं नाही, आणि एक 'सिस्टिम' लावली. पहिल्या रेसला माझ्या घोड्यावर ५० रुपये. गेले तर दुसऱ्या रेसला १००. गेले तर २००. कधी तरी येणारच, आणि आला की मागचं सगळं भरून वर फायदा. ऐकायला किती शास्त्रीय वाटतं! ५०, १००, २००, ४००, ८००, १६००. सहा रेस गेल्या. बेरीज ३,१५०. सातव्या रेसला सिस्टिमप्रमाणे ३,२०० लावायचे होते आणि खिशात होते ५०. त्याने तेही लावले. सातवा घोडा मानेच्या अंतराने दुसरा आला. कॅम्पातून हॉस्टेलपर्यंत तो चालत आला. रात्री साडेनऊ वाजता, ओला. मी विचारलं, "काय रे, बस नाही मिळाली?" तो म्हणाला, "तुझे सातही पडले."

'तुझे' हा शब्द मला अजून ऐकू येतो.

त्यानंतर मी जे शिकलो ते आधी शिकायला हवं होतं. गणिताच्या मॅडमकडे वही घेऊन गेलो. वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा लावला आणि पाऊण तास वही वाचली. मग पहिला प्रश्न विचारला, "आठ घोड्यांचे भाव इथे लिहिले आहेस, त्यांची बेरीज केलीस का?"

भावांची बेरीज? मॅडमनी करून दाखवली. त्याच रेसमध्ये बुकींचे भाव असे होते: रुपयाला २, ३, ४, ६, ९, १२, १५ आणि २०. रुपयाला दोनचा भाव म्हणजे एक भाग येण्याचा, दोन भाग न येण्याचे. शक्यता ३३.३ टक्के. तशाच बाकीच्यांच्या २५, २०, १४.३, १०, ७.७, ६.३ आणि ४.८. बेरीज १२१ टक्क्यांवर! शक्यतांची बेरीज १०० च्या वर जाते हे तर बारावीच्या पोरालाही चालणार नाही. मॅडम म्हणाल्या, "हे वरचे २१ टक्के म्हणजे दुकानाचं भाडं. आठही घोड्यांवर प्रमाणात पैसे लावलेस तर १२१ रुपये देऊन १०० परत मिळतील. तुझ्या फेवरेटची शक्यता ३३ नाही, साडेसत्तावीस टक्के आहे, आणि भाव मात्र ३३ चा मिळतोय."

बुकी नको म्हणून टोटवर गेलं तरी भाडं चुकत नाही. टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पिंपात, क्लबचा नि सरकारचा वाटा आधी काढायचा, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. समजा पिंपात १ लाख जमले, २० हजार काढले, आणि जिंकलेल्या घोड्यावर ३२ हजारांची तिकिटं होती, तर ८० भागिले ३२, म्हणजे दहा रुपयांना पंचवीस. ही पद्धत १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ओलर ह्याने काढली. हा हिशेब आपोआप करणारं यंत्र मात्र एका इंजिनियरने केलं. जॉर्ज ज्युलियस. ऑस्ट्रेलियात राहून त्याने मतमोजणीचं यंत्र बनवलं होतं, सरकारने घेतलं नाही, मग त्याने तेच रेसच्या कामाला लावलं. १९१३ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर ते बसवलं. चाकं, तारा नि वजनांवर चालणारा खोलीभर संगणकच तो. कुणाचा सेमिनारचा विषय ठरायचा असेल तर हा घ्या, माझी शिफारस.

टोटवर 'विन', 'प्लेस' शिवाय फोरकास्ट असतो, म्हणजे पहिले दोन क्रमाने. आणि टानाला, पहिले तीन क्रमाने. आठ घोड्यांत तीन क्रमाने म्हणजे ८ × ७ × ६, ३३६ शक्यता. हॉस्टेलवर सगळ्यात जास्त आवडीचा टानालाच. का, ते परम्युटेशन शिकवणाऱ्यांनी सांगावं.

मॅडमचा दुसरा प्रश्न जास्त बोचला. "तुझं आणि बाजाराचं मत किती वेळा वेगळं होतं?" वहीत नऊ रविवार होते, रविवारी सात रेसप्रमाणे ६३ रेस. (सातव्या रविवारनंतर दोन रविवार मी दार लावून एकट्यासाठी लिहिले. सवय!) ६३ पैकी माझे २० घोडे जिंकले. जवळजवळ ३२ टक्के. आठ-नऊ घोड्यांत डोळे मिटून बोट ठेवलं तर ११-१२ टक्के येतील, म्हणजे मला काही तरी कळतं हे नक्की! सुप्रीम कोर्टानेही १९९६ साली तामिळनाडूच्या खटल्यात हेच म्हटलं, की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे. मी मॅडमना हे छाती फुगवून सांगितलं. त्यांनी वहीत खुणा केल्या. ६३ पैकी ४४ वेळा माझा घोडा हाच बाजाराचा फेवरेट होता. त्यातले १६ आले. जगभर फेवरेट साधारण तीनात एकदा जिंकतो, त्याच्याच आसपास. उरलेल्या १९ वेळी मी स्वतःची अक्कल चालवली, तिथे ४ आले.

म्हणजे रात्र रात्र जागून मी जे काढत होतो ते बहुतेक वेळा फळ्यावर फुकट लिहिलेलं होतं.

मग तिसरा हिशेब. प्रत्येक घोड्यावर दहा रुपये लावले असते तर ६३० रुपये गेले असते. वीस घोड्यांचे मिळून परत मिळाले असते ५०३. तोटा १२७, म्हणजे वीस टक्के. भाडं बरोबर वसूल! ३२ टक्के घोडे येत असतील तर दहाला किमान साडेएकतीस मिळायला हवेत, मला मिळत होते सरासरी पंचवीस. आणि ह्यात जीएसटी धरलेलाच नाही. ऑक्टोबर २०२३ पासून तो नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. दहाच्या तिकिटाला चौदा मोजले असं धरलं तर ८८२ देऊन ५०३ परत. कौशल्याचा खेळ हे कोर्टाचं म्हणणं खरंच आहे. पण कौशल्य कुणापुढे दाखवायचं? घोड्यापुढे नाही. जे लोक वीस वर्षं रोज सकाळी ट्रॅकवर उभे असतात, त्या सगळ्यांच्या एकत्रित मतापुढे, आणि वर भाडं भरून.

हे कुणालाच जमत नाही असं नाही. बिल बेंटर नावाच्या अमेरिकन माणसाने १९८० च्या दशकात हॉंगकॉंगमध्ये संगणकावर मॉडेल बांधलं आणि १९९४ साली त्यावर पेपरही लिहिला. ढीगभर व्हेरिएबल, हजारो रेसचा डेटा. पण त्यातली कळीची गोष्ट अशी की त्याने आपलं मॉडेल एकटं वापरलं नाही, बाजाराच्या भावांशी त्याची सांगड घातली. म्हणजे लोकांना काय माहीत आहे ते आधी मान्य केलं आणि उरलेल्या फटीत तो शिरला. ईएनटीसीवाल्यांसाठी अजून एक: बेल लॅबमधल्या जॉन केली ह्याने १९५६ साली सूत्र दिलं, आपल्या जवळच्या पैशांचा किती भाग लावावा. नफ्याचा भाव गुणिले जिंकण्याची शक्यता, वजा हरण्याची शक्यता, भागिले भाव. आमच्या फेवरेटसाठी घाला: दोन गुणिले ०.२७५, वजा ०.७२५, भागिले दोन. उत्तर उणे येतं. उणे म्हणजे लावू नका.

आणि ती 'सिस्टिम'? तीनात एकदा येणारा घोडा लागोपाठ सात वेळा पडण्याची शक्यता दोन तृतीयांशचा सातवा घात, सुमारे ५.९ टक्के. एका रविवारी बघितलं तर फार कमी. पण नऊ रविवारांत असा एक तरी रविवार येण्याची शक्यता ४२ टक्के निघते. मॅडम म्हणाल्या, "तो रविवार येणारच होता. तुझा मित्र त्या दिवशी गेला एवढंच."

पैशांचं काय झालं, ते सांगतो. फॉर्म भरायची तारीख चार दिवसांवर. मी मामाला फोन केला आणि खरं तेच सांगितलं, कारण मामाशी खोटं बोललं की तो फोनवर गप्प बसतो. तो गप्प बसला नाही. म्हणाला, "पोराचा फारम भर आधी. बाकीचं दिवाळीत बघू." दुसऱ्या दिवशी ३,२०० आले.

दिवाळीत गावी गेलो. मामा गोठ्यात होता. मी वही दाखवली. मामाने पेनेट्रोमीटरचं पान दोनदा वाचून घेतलं, मग विचारलं, "मंग घोड्यावर तू किती लावले?"

"मी नाही लावले मामा. एकदाही नाही."

"कामून?"

मला उत्तर येईना. मामा म्हणाला, "तुला ठाव होतं म्हणून. तुला सोताला भरोसा नव्हता वहीवर. आन् पोरांना वाचून दाखवत होता." एवढं बोलून तो बैलांना पेंड टाकायला गेला.

जेवताना मी विचारलं, तू पटावर कधी लावलेस का. तर म्हणाला, एकदा, लग्नाच्या आधी, आणि पुढचं काही सांगितलं नाही. मामी हसली. हसण्यावरून आकडा मोठा असावा.

रूम पार्टनरने मामाचे पैसे दरमहा दोनशेप्रमाणे फेडले. सोळा महिने. मी नको म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही. शेवटचा हप्ता परवाच गेला, त्या दिवशी त्याने मेसमध्ये मला जास्तीची गुलाबजाम दिली आणि "घोडा कोणता?" असं विचारून पूर्ण टेबल हसवलं.

वही अजून आहे. मधे सुट्टीत गावाकडे पट होता, तिथे घेऊन गेलो. चौदा जोड्या. आता भाव नाही, बाजार नाही, फळा नाही, नुसती जनावरं आणि माती. मी टाच दाबून बघितली, जोड्या बघितल्या, धुरकरी बघितले, आणि लिहिलं, "नऊ नंबर." मामाला दाखवलं नाही. नऊ नंबर चौथी आली. संध्याकाळी मामाने वही मागून घेतली, खिशातला पेन काढला आणि माझ्या ओळीपुढे लिहिलं, "डावा बैल रातचा झोपला नव्हता." हे त्याला कसं कळलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)